पांढऱ्या थराला भिऊ नका, पाण्याचा अहवाल मागा

यंदाच्या थंडीत आमच्या वस्तीतल्या एका घरी पाणी तापवायचा रॉड जळाला. दोन वर्षांतला हा तिसरा. बाहेर काढून पाहिला तर वेटोळी दिसतच नव्हती, सगळ्यावर चुन्यासारखा पांढरा थर चढला होता. घरातल्या आक्कांनी तो नखाने खरवडला आणि विचारले, "रॉडची ही गत, तर आपल्या पोटात काय होत असंल?"

हा प्रश्न तासगावात अनेक घरांत विचारला जातो. गिझर दोन हिवाळ्यांत दम तोडतो. शॉवरची भोके बुजतात, कुकर आतून पांढरा पडतो, कूलरच्या गवताच्या जाळीवर मिठासारखे खडे जमतात, डाळ शिजायला दोन शिट्ट्या जास्त लागतात. हे सगळे डोळ्यांना दिसते, म्हणून भीती वाटते. त्या भीतीपोटी कुणी पाणी उकळणे सोडून देतो. उकळले की पाणी पांढरे होते, म्हणजे ते खराब होत असणार, असा त्याचा समज. कुणी हप्त्यावर आरओचे यंत्र घेतो. आणि घरात कुणाला मुतखडा झाला की सगळा दोष पाण्यावर टाकून आपण मोकळे होतो.

या तिन्ही ठिकाणी आपले चुकते आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे. पांढऱ्या थराचा त्रास खरा आहे, पण तो मुख्यतः आपल्या खिशाला आणि घरातल्या बाईच्या हातांना आहे. तब्येतीला खरा धोका आहे तो पाण्यातल्या न दिसणाऱ्या गोष्टींचा. त्या कळण्याचा मार्ग एकच, पाण्याची तपासणी. ती करून घेणे आणि तिचा अहवाल मागणे हा आपला हक्क आहे.

पाणी जड का होते

ज्याला आपण जड पाणी म्हणतो, त्याला शाळेच्या पुस्तकात 'दुष्फेन' म्हणतात, म्हणजे साबणाला नीट फेस न येणारे. आपला हा मुलूख काळ्या पाषाणाचा. वर काळी माती, खाली मुरूम, आणि मातीत जागोजागी चुनखडीचे खडे. पावसाचे पाणी मऊ असते. ते या थरांतून झिरपताना कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार सोबत घेते. म्हणून नदीच्या पाण्यापेक्षा विहिरीचे आणि त्याहून बोअरचे पाणी बहुधा जास्त जड लागते. उन्हाळ्यात पाणी कमी पडले की बोअरचा आधार वाढतो आणि थरही वाढतो.

या क्षारांपैकी काही, म्हणजे बायकार्बोनेट, पाणी तापले की विरघळलेले राहत नाहीत. ते चुन्याच्या रूपात बाहेर पडतात आणि जिथे सगळ्यात जास्त उष्णता असते तिथे चिकटतात. रॉडवर, गिझरच्या कॉइलवर, पातेल्याच्या तळाला दिसतो तो हाच चुना.

हिशेब करून पाहू. समजा पाण्याचा जडपणा लिटरला ३०० मिलिग्रॅम आहे. घरात अंघोळीला रोज पंधरा लिटरच्या चार बादल्या तापतात, म्हणजे ६० लिटर. त्यातून रोज १८ ग्रॅम आणि वर्षाला साडेसहा किलो क्षार त्या कॉइलजवळून जातात. सगळे तिथे बसत नाहीत. पण दहावा भाग जरी बसला, तरी वर्षाला अर्ध्या किलोहून जास्त होतो. हा थर उष्णता अडवतो. कॉइल आत तापत राहते आणि पाणी गार राहते. वीज जास्त जळते आणि शेवटी कॉइलच फुटते. कंपनी बदलून किंवा महागडा रॉड आणून हा प्रश्न सुटत नाही.

घरातल्या वस्तू कशा सांभाळाव्यात

सगळ्यात आधी रॉडविषयी, कारण तिथे जिवाचा प्रश्न आहे. थर साचलेल्या रॉडचे वरचे आवरण तापून तडकते आणि वीज पाण्यात उतरू शकते. बटण बंद करून, प्लग काढल्याशिवाय बादलीत बोट घालू नये. रॉड लावलेली बादली लेकरांच्या वाटेत ठेवू नये. घराला अर्थिंग आहे का हे वायरमनकडून तपासून घ्यावे आणि गळती झाली की वीज तोडणारा ईएलसीबी बसवावा. तडकलेला रॉड चिकटपट्टी लावून वापरू नये.

महिन्यातून एकदा रॉडचा फक्त तापणारा भाग लिंबूसत्वाच्या पाण्यात बुडवून ठेवावा. एक लिटर कोमट पाण्याला दोन चमचे लिंबूसत्व पुरते. बुडबुडे येतात, तासा-दोन तासांत थर सुटतो, मग स्वच्छ धुवावे. शॉवरची चाळणी, नळाची जाळी आणि पातेले यांनाही हाच उपाय चालतो. कुकर काळा-पांढरा पडू नये म्हणून शिजवताना तळाच्या पाण्यात लिंबाची फोड किंवा चिंचेचे बुटूक टाकण्याची आपल्या आयाबायांची रीत रास्तच आहे.

यासाठी संडास-बाथरूमचे अ‍ॅसिड मात्र वापरू नका. ते धातू खाते, त्याच्या वाफेने छाती भरते. ते ब्लीचिंग पावडरमध्ये मिसळले तर क्लोरीन वायू निघतो आणि बंद मोरीत माणूस गुदमरू शकतो.

गिझर दिवसभर चालू ठेवू नये, लागेल तेवढेच पाणी तापवावे. वर्षातून एकदा मेकॅनिककडून टाकी उघडून थर काढून घ्यावा आणि आतली मॅग्नेशियमची कांडी झिजली असेल तर बदलून घ्यावी. सोलर घेणाऱ्यांनी ध्यानात ठेवावे, की तांब्याच्या बारीक नळ्यांचे पॅनेल जड पाण्याने बुजते. तिथे काचेच्या नळ्यांचे सोलर जास्त टिकते, मात्र तेही अधूनमधून धुवावे लागते. कूलरमधले पाणी दर दोन-तीन दिवसांनी पूर्ण ओतून द्यावे. नुसती भर घालत राहिलो तर पाणी उडून जाते, क्षार मागे राहून घट्ट होत जातात आणि डासांची अंडीही तिथेच वाढतात.

धुण्याला साबणाच्या वडीपेक्षा पावडर बरी, कारण वडीचा साबण या क्षारांशी मिळून चिकट साका होतो आणि निम्मी वडी तिथेच वाया जाते. बादलीत आधी थोडा धुण्याचा सोडा टाकला तर पाणी मऊ होते. सोड्यात हात घालताना मात्र जपावे. डाळ आणि कडधान्य रात्रीच भिजत घालावे. शिजवायला उकळून गार केलेले, वरचे निवळ पाणी घेतले तर डाळ लवकर शिजते आणि गॅस वाचतो. चिमूटभर खायचा सोडा टाकण्याची सवय मात्र सोडावी, त्याने डाळीतले ब जीवनसत्त्व कमी होते.

पोटाचे काय?

आता आक्कांच्या प्रश्नाकडे वळू. जागतिक आरोग्य संघटनेने पाण्याच्या जडपणासाठी तब्येतीच्या कारणाने कोणतीही मर्यादा घातलेली नाही. आपल्या देशाच्या पिण्याच्या पाण्याच्या मानकात, म्हणजे आयएस १०५०० मध्ये, जडपणा लिटरला २०० मिलिग्रॅमपर्यंत असावा आणि दुसरे पाणीच नसेल तर ६०० पर्यंत चालेल, असे म्हटले आहे. पाण्याची चव, साबणाचा फेस आणि भांड्यांवरचा थर यांचा विचार यात मोठा आहे. कॅल्शियम आणि मॅग्नेशियम शरीराला लागतातच. रॉडवर चुना बसतो तो उष्णतेमुळे. आपले पोट काही रॉड नव्हे.

मुतखड्याचे म्हणाल, तर नुसत्या जड पाण्याने खडा होतो असे ठामपणे सिद्ध झालेले नाही. उलट जेवणापाण्यातले कॅल्शियम आतड्यातच ऑक्झलेटला धरून ठेवते आणि ते लघवीत कमी उतरते. खड्याचे मोठे कारण आहे कमी पाणी पिणे. इथे आमच्या बायाबापड्यांच्या जगण्याकडे पाहावे लागते. द्राक्षाच्या बागेत, बेदाण्याच्या शेडवर उन्हाच्या तडाख्यात दिवसभर राबणाऱ्या किती बायका मुद्दाम पाणी पीत नाहीत? कारण बऱ्याच ठिकाणी जवळपास आडोशाला जायची सोय नसते. त्यांची लघवी दाट होते, जळजळ सुरू होते, खडा होतो, आणि मग दोष येतो नळावर. अशा बाईला आरओच्या यंत्रापेक्षा कामाच्या जागी संडासाची जास्त गरज आहे. ज्यांना खडा होऊन गेला आहे त्यांनी दिवसाला दोन-अडीच लिटर लघवी होईल इतके पाणी प्यावे आणि मीठ कमी करावे. मूत्रपिंड निकामी असलेल्यांनी आणि हृदयरोग्यांनी किती प्यायचे ते डॉक्टरांना विचारूनच ठरवावे.

जड पाण्याने कातडी कोरडी पडते, केस राठ होतात, हे खरे. लहान मुलांच्या इसबाशी त्याचा संबंध काही अभ्यासांत दिसला आहे. पण इंग्लंडमध्ये इसब असलेल्या मुलांच्या घरी पाणी मऊ करणारी यंत्रे बसवून चाचणी घेतली गेली, तिचा निकाल २०११ मध्ये प्रसिद्ध झाला, आणि यंत्राने इसबात फरक पडल्याचे दिसले नाही. साबण कमी वापरावा आणि अंघोळीनंतर अंगाला खोबरेल लावावे, हा साधा उपाय आधी करून पाहावा.

उकळणे सोडू नका

आम्हाला सर्वांत जास्त काळजी आहे ती उकळणे बंद करणाऱ्या घरांची. उकळल्यावर पाण्यात पांढरे कण दिसतात, कारण क्षार बाहेर पडलेले असतात. म्हणजे पाणी आधीपेक्षा थोडे मऊ झालेले असते. खळखळून एक मिनिट उकळले की जंतू मरतात. मग पाणी झाकून निवू द्यावे. कण तळाला बसतात, वरचे पाणी गाळून घ्यावे. पांढरे पाणी प्यायल्याने कुणी दवाखान्यात भरती झाल्याचे आमच्या ऐकिवात नाही. न उकळलेल्या, काचेसारख्या स्वच्छ दिसणाऱ्या पाण्याने मात्र कावीळ, गॅस्ट्रो, विषमज्वर होतो.

पुण्याचे उदाहरण ताजे आहे. २०२५ च्या जानेवारीत सिंहगड रस्त्याच्या परिसरात जीबीएसचे रुग्ण एकाएकी वाढले, चालती-बोलती माणसे हातापायातले बळ जाऊन खाटेवर पडली. रुग्णांच्या तपासण्यांत कँपिलोबॅक्टर नावाचा जंतू सापडला आणि संशय दूषित पाण्यावर गेला. तो जंतू रॉडवर थर म्हणून दिसत नाही.

तुरटीबद्दलही एक गैरसमज आहे. तुरटीने गढूळपणा खाली बसतो. जडपणा जात नाही आणि सगळे जंतूही मरत नाहीत. जंतूंसाठी क्लोरीन किंवा उकळणे. नळाला क्लोरीन येते आहे का, हे ओ. टी. चाचणीने मिनिटात कळते. थेंब टाकले की पाणी पिवळे होते. घरापर्यंत पोहोचलेल्या पाण्यात लिटरला किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन उरलेले असावे, असे मानक सांगते. गावागावांतले जलसुरक्षक ही चाचणी करतात. ती आपल्यासमोर करा, असे सांगायला संकोच कशाला?

विक्रेत्याचा ग्लास

मागे एकदा आमच्या वस्तीत पाण्याची यंत्रे विकणारा आला. त्याने दोन ग्लास मांडले, एकात नळाचे पाणी, एकात त्याच्या यंत्राचे. दोन्हींत तारांचे खटके बुडवून वीज सोडली. नळाचे पाणी क्षणात तपकिरी-काळे झाले, त्याचे तसेच राहिले. "बघा, हे तुमच्या पोरांना पाजताय," तो म्हणाला. बाया घाबरल्या. दोघींनी तिथल्या तिथे हप्त्याची चौकशी केली.

तेवढ्यात अकरावीत शिकणाऱ्या एका मुलीने त्याच्या शुद्ध पाण्याच्या ग्लासात चिमूटभर मीठ टाकले आणि म्हणाली, "दादा, आता सोडा वीज." तेही पाणी तसेच काळे झाले. कारण तो रंग घाणीचा नव्हताच. पाण्यात क्षार असले की वीज वाहते आणि त्या तारेचे लोखंडच विरघळून गंजासारखे बाहेर येते. क्षार नसले की वीज वाहत नाही, एवढेच. विक्रेत्याने सामान आवरले.

केसपुत्तच्या कालामांना तथागतांनी हेच सांगितले होते, की ऐकले म्हणून, चालत आले म्हणून, सांगणारा मोठा वाटतो म्हणून मानू नका. स्वतः पारखून घ्या. त्या मुलीने त्या दिवशी आमच्यादेखत ते करून दाखवले.

आरओ वाईट आहे असे आम्ही म्हणत नाही. तपासणीत नायट्रेट किंवा फ्लोराइड मर्यादेबाहेर निघाले, किंवा विरघळलेले क्षार फारच जास्त असले, तर पिण्यापुरते ते यंत्र उपयोगी आहे. नायट्रेट तर उकळून जात नाही, उलट पाणी आटून त्याचे प्रमाण वाढते, आणि वरचे दूध पिणाऱ्या तान्ह्या बाळाला ते घातक ठरू शकते. पण पाण्यातील विरघळलेले क्षार, ज्याला टीडीएस म्हणतात, लिटरला ५०० मिलिग्रॅमच्या आत असतील तर आरओला मनाई करावी, असे राष्ट्रीय हरित लवादाने २०१९ मध्ये केंद्राच्या पर्यावरण मंत्रालयाला सांगितले होते. घरगुती यंत्रात एक लिटर पाण्यामागे दोन-तीन लिटर वाया जाते, आणि जड पाण्यात त्याचा पडदाही लवकर बुजतो. शिवाय खिशातला टीडीएस मीटर फक्त क्षारांचा एकूण आकडा दाखवतो. जंतू त्याला दिसत नाहीत.

पाणी मऊ करणाऱ्या सॉफ्टनरचे गणितही माहीत हवे. तो कॅल्शियम काढून सोडियम सोडतो. ३०० जडपणाचे पाणी मऊ केले तर लिटरला सुमारे १३८ मिलिग्रॅम सोडियम येते. तीन लिटर प्यायलो तर साधारण एक ग्रॅम मीठ पोटात जाते. रक्तदाबाच्या माणसाला हे नको. सॉफ्टनर धुण्याला आणि गिझरला वापरावा, पिण्याचा नळ वेगळा ठेवावा.

बागेच्या पाण्याचा अहवाल आहे, आपल्या पाण्याचा?

तासगावची द्राक्षे आणि बेदाणा सगळ्या देशात जातो. इथला बागायतदार पाण्याबाबत जागरूक आहे. लागवडीआधी तो माती-पाणी तपासून घेतो. खारे पाणी सोसावे म्हणून डॉगरिजच्या खुंटावर कलम करतो. जीएच्या फवारणीआधी पाण्याचा सामू पाहतो. ठिबकच्या तोट्या क्षाराने बुजल्या की अ‍ॅसिड सोडून मोकळ्या करतो. हे शहाणपण आहे, त्यात वावगे काही नाही. पण त्याच बागेत काडी छाटणाऱ्या, घड विरळणाऱ्या मजुराच्या घरी जे पाणी येते, त्याचा कागद त्या मजुराने कधी पाहिलेला नसतो. वेलीला कसले पाणी जाते हे माहीत असलेल्या गावात लेकराला कसले जाते हे माहीत नसावे, ही गोष्ट आम्हाला बोचते.

आपल्या समाजाला तर ती जास्त बोचली पाहिजे. १९२३ मध्ये सी. के. बोले यांचा ठराव मुंबई विधिमंडळात मंजूर झाला, १९२४ मध्ये महाडच्या नगरपालिकेने चवदार तळे सर्वांना खुले केल्याचा ठराव केला. तरी पाण्याला हात लागला तो २० मार्च १९२७ रोजी, बाबासाहेब आणि त्यांच्यामागे हजारो माणसे तळ्यावर चालत गेली तेव्हा. नंतर तळे 'शुद्ध' करायला त्यात पंचगव्य ओतले गेले. उच्च न्यायालयात निकाल आपल्या बाजूने लागायला १९३७ चा मार्च उजाडला. पुढे राज्यघटनेच्या पंधराव्या कलमात विहिरी, तलाव, स्नानघाट सर्वांना खुले झाले.

तेव्हा पाणी शुद्ध की अशुद्ध हे जात ठरवत होती. आज ते जाहिरात ठरवते, आणि ज्याच्याकडे हप्ता भरायला पैसे आहेत तो आपल्यापुरते शुद्ध पाणी विकत घेऊन गप्प बसतो. गल्लीतली चार बरी घरे यंत्र घेऊन निर्धास्त झाली की सार्वजनिक नळासाठी बोलणारे चार आवाज कमी होतात. उरतात ती घरे, ज्यांच्याकडे ना यंत्र ना आवाज. पाण्याची शुद्धता जातीने ठरू नये आणि पैशानेही ठरू नये. ती प्रयोगशाळेतल्या मोजमापाने ठरावी आणि तो आकडा सर्वांसमोर असावा, एवढीच आमची मागणी आहे.

विहारापासून सुरुवात

हे काम अवघड नाही. रविवारच्या वंदनेनंतर प्रत्येक विहाराने पाच जणांची पाणी समिती करावी आणि त्यात निदान तीन बाया असाव्यात, कारण पाणी भरतात त्याच. वस्तीतल्या नळाचा, बोअरचा, विहिरीचा वेगवेगळा नमुना घ्यावा. क्षारांच्या तपासणीला स्वच्छ प्लास्टिकच्या बाटलीत एक-दोन लिटर पाणी पुरते. जंतूंच्या तपासणीची निर्जंतुक बाटली प्रयोगशाळेकडूनच घ्यावी आणि भरल्यावर थंड ठेवून त्याच दिवशी पोहोचवावी. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या जिल्हा प्रयोगशाळेत या तपासण्या होतात. जलजीवन मिशनखाली खेड्यात पाच महिलांना किटवर पाणी तपासायला शिकवायचे आहे; आपल्या खेड्यात त्या पाच जणी कोण, हे विचारावे.

अहवालात जडपणा, टीडीएस, नायट्रेट, फ्लोराइड आणि जंतू हे पाच आकडे आधी पाहावेत. नायट्रेट ४५ च्या वर नको, फ्लोराइड १ च्या आत हवे आणि दीडच्या वर मुळीच नको, विष्ठेतले जंतू शून्य हवेत. पाणी पुरवणाऱ्या संस्थेकडे तिचे स्वतःचे अहवाल मागावेत. तोंडी मिळाले नाहीत तर २००५ च्या माहिती अधिकार कायद्याखाली अर्ज करावा. मिळालेला कागद विहाराच्या फलकावर मोठ्या अक्षरांत लिहून लावावा आणि पावसाळ्याआधी व पावसाळ्यानंतर पुन्हा तपासणी करावी. आकडे चांगले निघाले तर घरोघरी यंत्राचे हप्ते वाचतील. वाईट निघाले तर आपल्या हातात तक्रारीसाठी पुरावा असेल.

२० मार्च आला की आपण महाडला जातो, निळे झेंडे लावतो, भाषणे ऐकतो. येत्या २० मार्चला त्याच्या जोडीला आपापल्या वस्तीतल्या नळाखाली एक बाटली धरू या. आक्कांच्या प्रश्नाचे उत्तर त्या बाटलीच्या अहवालात आहे, आणि ते त्यांना लेखी मिळाले पाहिजे.

जय भीम.